निम्मं पनवेल

वही आणि पेन्सिल घेऊन बसा. मोबाइल खिशातच राहू द्या, त्याचं काम शेवटपर्यंत पडणार नाही. मी बसतो पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठी, बल्लाळेश्वराच्या देवळापासून थोडं लांब, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. तेव्हा फेऱ्या मारणाऱ्यांची पहिली फळी घरी गेलेली असते आणि जेवून शतपावलीला येणारे अजून यायचे असतात. तुम्ही तुमच्या गॅलरीत बसलात तरी चालेल. घाई मात्र नको. आज एकच संख्या पाहायची आहे, आणि ती पाहायला एक संध्याकाळ पुरत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

कोऱ्या पानावर पनवेलचा पिन कोड लिहा. ४१० २०६. पाकिटावर लिहितो तसा, मध्ये बोटभर जागा सोडून.

हा आकडा आपण आयुष्यात किती वेळा लिहिला असेल! शाळेचे फॉर्म, बँकेचे फॉर्म, लग्नपत्रिकांची पाकिटं, आणि आता घरपोच येणाऱ्या प्रत्येक खोक्यावर तो आहेच. हात लिहितो, डोळे बघत नाहीत. आज बघा. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा टपाल विभाग. पहिल्या तीन आकड्यांपर्यंत आलं की पत्र कुठल्या भागाकडे वळवायचं ते ठरतं. कर्जत, खोपोली, लोणावळा, जुन्नर हे सगळे याच ४१० मधले. उरलेले तीन आकडे टपाल कचेरीचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतात कविता लिहीत. एकसारख्या नावांची गावं आणि नाना लिप्यांतले पत्ते यांच्या गोंधळात पत्र चुकू नये, एवढाच त्या आकड्यांचा हेतू. कुठल्या गावाला कुठला आकडा द्यायचा हे ठरवताना कुणी भागाकार करत बसत नाही.

आपण बसणार आहोत. हा पत्ता आहे हे आता विसरा. ४,१०,२०६ ही नुसती संख्या आहे. शेवटी ६, म्हणजे सम. तिचे दोन सारखे वाटे करा.

२,०५,१०३.

हळू वाचा: दोन लाख पाच हजार एकशे तीन. पुन्हा एकदा, ओठ हलवून. ही आपली आजची संख्या. तिच्याकडे पाहून काही वाटतं का? मला तरी पहिल्यांदा काही वाटलं नव्हतं. मध्ये शून्यं, कडेला छोटे आकडे, एखाद्या जुन्या पावतीच्या क्रमांकासारखं रूप. तिला भेटायची एकच रीत आहे, भागून बघण्याची.

सुरुवात सोप्यापासून. शेवटी ३ आहे, म्हणजे दोनाने आणि पाचाने भाग जाणार नाही. आकड्यांची बेरीज करा: दोन, सात, आठ, अकरा. अकराला तिनाने भाग जात नाही, म्हणून हिलाही नाही. आता सात. सातचा पाढा सोबत ठेवा आणि भागाकार मांडा. सात दुणे चौदा, सहा उरले. साठ झाले पासष्ट, सात नव्वे त्रेसष्ट, दोन उरले. एकवीस झाले, सात त्रिक एकवीस, निःशेष. मग शून्य, मग तीन. तीन उरले. बाकी ३.

इथे थांबा. ‘बाकी’ हा शब्द जिभेवर घोळवा. वाण्याच्या वहीतही तोच आहे. देणं फिटलं की बाकी शून्य, आणि आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं की बाकी शून्य आली की गणित सुटलं. मूळ संख्येच्या बाबतीत उलटं आहे. तिच्या दारी जो भाजक जाईल त्याच्या हाती काहीतरी बाकी देऊन ती त्याला परत पाठवते. अकराच्या हाती आठ, तेराच्या हाती दोन, सतराच्या हाती पंधरा. प्रत्येक वेळी बाकी लिहून ठेवा. नुसतं ‘नाही’ लिहू नका, किती उरलं ते लिहा.

किती भाजक तपासायचे? हा प्रश्न मनात आला असेल तर बरं झालं. भाजक जोडीने येतात. एखाद्या संख्येचे दोन भाजक एकमेकांना गुणून ती संख्या देत असतील, तर ते दोघेही तिच्या वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत. एक तरी अलीकडे सापडायलाच हवा. ४५२ चा वर्ग २,०४,३०४, आणि ४५३ चा २,०५,२०९. आपली संख्या या दोघांच्या मध्ये. म्हणजे ४५२ पर्यंत शोधलं की संपलं, पलीकडच्या दोन लाख संख्यांकडे बघायचीसुद्धा गरज नाही. आणि अलीकडेही सगळे नकोत. दोनाने गेला नाही तर चाराने जाणार नाही, सहाने जाणार नाही. फक्त मूळ संख्यांनी भागायचं. ४५२ च्या आत अशा ८७ आहेत.

त्या ८७ कुठून आणायच्या? चाळून. हीसुद्धा वहीच्या एका पानावर करायची गोष्ट आहे. १ ते ४५२ लिहा, दोन ठेवून दोनाच्या पटीतले खोडा, तीन ठेवून तिनाच्या पटीतले खोडा, पाचाच्या, सातच्या, असं एकोणिसापर्यंत गेलात आणि निखारे राहावेत तशा संख्या राहिल्या की त्याच मूळ. एकला मोजायचं नाही. एराटोस्थिनीस या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथपालाच्या नावाने ही चाळण ओळखली जाते आणि ती सव्वादोन हजार वर्षं जुनी आहे. तिच्या बारीक जाळीच्या वंशजांवर मराठी घरातून काम झालं आहे. मंगला नारळीकर यांनी १९८१ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली ती संख्यासिद्धांतातच. त्यांच्या एका शोधनिबंधाचं नावच ‘चाळलेल्या पूर्णांकांचा सिद्धांत’ असं मराठीत सांगता येईल. लग्नाला सोळा वर्षं झाल्यानंतरची ती पदवी. पुढे त्यांच्या समितीने केलेल्या बालभारतीच्या पुस्तकात ‘तेवीस’च्या जोडीला ‘वीस तीन’ आलं तेव्हा महाराष्ट्राने त्यांच्याशी तावातावाने वाद घातला. चाळण्यांवरचं काम कुणाला आठवलं नाही. मी स्वतः ‘तेवीस’वालाच, पण भागाकार करताना मनात ‘वीस तीन’ म्हणून पाहिलंय, हातचा कमी चुकतो.

हातचा चुकण्यावरून आठवलं. पहिल्यांदा हे ८७ भागाकार करायला बसलो ते मे महिन्यातल्या एका रात्री, लाईट गेलेली असताना, मेणबत्तीवर. त्र्याऐंशीला आलो. ८३ ने भागताना शेवटच्या पायरीला ९३ उरतात, त्यातून ८३ वजा करायचे. मी शून्य लिहून मोकळा झालो. एकदम सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच वाईटही. गावाचा निम्मा आकडा त्र्याऐंशीने फुटला. वही मिटून झोपायला गेलो. सकाळी चहा पिताना पान उघडलं आणि ते शून्य माझ्याकडे बघत होतं. त्र्याण्णवातून त्र्याऐंशी गेले तर शून्य कसे राहतील! दहा राहतात. बाकी १०. इतका आनंद मला स्वतःची चूक सापडून आजवर झालेला नाही.

तुम्ही भागत राहा. एका संध्याकाळी दहा-बारा होतात, त्याहून जास्त करू नका, मग डोळे वाचतात पण मन बघत नाही. वाटेत काही भाजक फार जवळ येऊन हुकतात. १२७ ला १२५ उरतात, दोन आणखी असते तर पूर्ण भाग गेला असता. २९३ ला सातशेवेळा भाग जाऊन तीन उरतात. ३१७ ला चार. ४४३ ला ४३७, फक्त सहा कमी. इतक्या जवळून गेलं की वाटतं संख्या थोडी दबली असेल. तसं काही होत नसतं. सहाने हुकणं आणि दोनशेने हुकणं यांत तिच्या लेखी फरक नाही. हा फरक आपल्याकडचा आहे, लोकल सहा सेकंदांनी चुकलेल्या माणसाकडचा.

शेवटचा भाजक ४४९. चारशे छप्पन्न वेळा जातो, ३५९ उरतात. पेन्सिल खाली ठेवा.

२,०५,१०३ ही मूळ संख्या आहे.

हे वाक्य लिहिल्यावर मी कितीतरी वेळ पाण्याकडे बघत बसलो होतो. हे कुणी ठरवलेलं नाही. टपाल खात्याने नाही, वेलणकरांनी नाही, पनवेलची नगरपालिका १८५२ साली झाली आणि २०१६ साली महापालिका, तिनेही नाही. गावाला नाव नव्हतं, तलाव खणला नव्हता, तेव्हाही ही संख्या अशीच अफोड होती. आपल्या शाळेच्या पुस्तकाने तिला ‘मूळ’ म्हटलं ते मला फार आवडतं. पनवेलमध्ये नवीन माणूस भेटला की दुसऱ्या वाक्यात विचारतात, “तुमचं मूळ गाव कुठलं?” कुणी सांगतो महाड, कुणी बीड, कुणी जौनपूर. ४,१०,२०६ ला विचारलं तर ती सांगेल, एक दोन आणि एक दोन लाख पाच हजार एकशे तीन. दोन लाख पाच हजार एकशे तीनला विचारलं तर ती म्हणेल, इथलीच.

शेजारच्या गावांकडे एक नजर टाका. कर्जत ४१०२०१, अकराने भाग जातो. रसायनी ४१०२०७, साताने जातो. यात कमीपणा कुणाला नाही आणि मोठेपणाही नाही. गाडीला ‘चांगला’ नंबर मिळावा म्हणून आरटीओत जास्त पैसे भरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी कृपा करून मूळ संख्येच्या मागे लागू नये. ती शुभही नाही, अशुभही नाही. या आकाराच्या संख्यांमध्ये साधारण बारात एक मूळ असते, विषमच घेतल्या तर सहात एक. आपल्या वाट्याला आलेली ती नुसती सोडत आहे.

पण सोडत इथे थांबत नाही, म्हणून पेन्सिल पुन्हा उचला. २,०५,१०३ मधून एक काढा. २,०५,१०२ राहिले. सम झाली, निम्मी करा. १,०२,५५१.

हिलाही भागून बघा. वर्गमूळ ३२० च्या थोडं पुढे, म्हणून भाजक कमी लागतात, ३१७ पर्यंत. वेगळी संध्याकाळ ठेवा तिच्यासाठी. मी सांगून टाकतो: तीही मूळ आहे. सातला एक उरतो, २९३ लाही एकच उरतो, आणि ३१७ ला १६०. पुन्हा एक काढून निम्मी केली तर ५१,२७५ येते, शेवटी पाच, तिथे मात्र साखळी तुटते. वरच्या बाजूला गेलो तर? २,०५,१०३ ची दुप्पट अधिक एक म्हणजे ४,१०,२०७. रसायनी. सातने फुटलेली. म्हणजे दोन कड्यांची साखळी आहे, खाली पाचाने आणि वर साताने अडवलेली, आणि वरच्या कडीला दोनाने गुणलं की पनवेल.

एक काढून निम्मं केलं तरी मूळच उरते अशा वरच्या संख्येला ‘सुरक्षित’ मूळ संख्या म्हणतात आणि खालचीला सोफी जर्मेनचं नाव आहे. सोफी १७७६ सालची, पॅरिसची. मुलींना उच्च शिक्षणाची दारं बंद म्हणून तिने ‘मस्य लब्लां’ या पुरुषी नावाने गणितज्ञांना पत्रं लिहिली. गाऊसलाही. पत्रावरचं नाव खोटं होतं, आतलं गणित खरं. फर्माच्या प्रसिद्ध प्रमेयाचा एक मोठा तुकडा तिने अशाच मूळ संख्यांसाठी सोडवला.

‘सुरक्षित’ हे नाव नंतरचं, कुलूपकिल्ल्यांच्या काळातलं. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी एक युक्ती मांडली. दोन अनोळखी माणसं भर एसटी स्टँडवर सगळ्यांच्या देखत आकडे सांगतात आणि तरी दोघांमध्येच राहील असं गुपित ठरवतात. त्यासाठी एक प्रचंड मूळ संख्या लागते. तिच्यातून एक काढल्यावर जे उरतं त्याचे बारीक तुकडे पडत असतील, तर चोर एकेक तुकडा सोडवून गुपितापर्यंत पोचतो. निम्मं केल्यावर पुन्हा अफोड मूळच हाती लागली, तर चोराला धरायला काही सापडत नाही. या कामाला वापरात असलेल्या मूळ संख्यांपैकी काही ६१७ आकडी आहेत. आपली सहा आकडी. तिचं कुलूप साधा कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवण्याआधी उघडेल. जात तीच, वय लहान.

मोठी म्हणजे तरी किती मोठी? आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. दोन १३,६२,७९,८४१ वेळा मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि एक वजा करायचा. तिच्यात ४,१०,२४,३२० आकडे आहेत. त्या आकड्याची सुरुवातही ४१०२ ने होते हे पाहून मी क्षणभर हुरळलो होतो; योगायोग, सोडून द्या. आणि युक्लिडने दाखवून ठेवलंय की तिच्याही पुढे मूळ संख्या आहेत, संपतच नाहीत. म्हणून मोठेपणाच्या वाटेने गेलं की दमछाक होते. मला वाटतं, हाताने भागता येईल एवढीच मोठी संख्या माणसाने मननाला घ्यावी. चार कोटी आकड्यांची संख्या सापडली म्हणून कळते, भेटत नाही.

आता डोळे मिटा. घाईघाईत नाही, आधी वाचून घ्या आणि मग मिटा.

एक लहान गाव डोळ्यांसमोर आणा. सहा घरं, क्रमांक १ ते ६. पोस्टमन पहिल्या घरातून निघतो. नियम एकच: ज्या घरी आहे त्या क्रमांकाला दहाने गुणायचं, साताने भागायचं, जी बाकी येईल त्या घरी जायचं. एकवरून दहा, बाकी तीन. तीनवरून तीस, बाकी दोन. दोनवरून वीस, बाकी सहा. सहावरून साठ, बाकी चार. चारवरून चाळीस, बाकी पाच. पाचवरून पन्नास, बाकी एक. घरी परत. सहाही दारं झाली, कुठलंही दोनदा नाही, कुठलंही राहिलं नाही. आपण शाळेत एक भागिले सात करतो तेव्हा हेच करतो. ०.१४२८५७, आणि मग तेच पुन्हा.

सगळ्या गावांत असं होत नाही. अकराच्या गावात घरं दहा, पण पोस्टमन एकवरून दहाला जातो आणि लगेच परत. बाकीची आठ घरं पत्राची वाट पाहत बसतात. तेराच्या गावात बारा घरं, तो सहांनाच भेटतो. 

आता आपलं गाव. घरं २,०५,१०२. पोस्टमन तोच, नियम तोच, भागायचं २,०५,१०३ ने. किती घरं होतील?

चालत जाऊन बघायचं म्हटलं तर एका श्वासाला एक घर धरून, झोप न घेता, साडेनऊ दिवस लागतील. न चालताही कळतं, आणि इथेच मला या संख्येचं खरं रूप दिसलं. पोस्टमनच्या फेरीची लांबी एकूण घरांना निःशेष भागणारीच असावी लागते. २,०५,१०२ ला भागणाऱ्या संख्या किती? मघाशी आपण निम्मं केलं होतं आणि ते मूळ निघालं होतं. म्हणून चारच: एक, दोन, १,०२,५५१ आणि अख्ख्या २,०५,१०२. इतक्या मोठ्या गावात मधली एकही लांबी शक्य नाही. एका-दोन घरांत तो परतत नाही, ते सरळ दिसतं. दहा गुणिले दहा शंभर, पहिल्या घरी नाही पोचला. राहिला एकच प्रश्न. निम्मं गाव की सगळं?

याचं उत्तर गाऊसच्या एका नियमातून मिळतं. तो त्याने अठराव्या वर्षी सिद्ध केला आणि १८०१ च्या ग्रंथात छापला. त्याच ग्रंथात त्याने अशा आवर्ती दशांशांचे तक्तेही दिले. आपल्यापुरतं त्याचं सार इतकंच: मूळ संख्येला चाळिसाने भागा. बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ आली तर फेरी जास्तीत जास्त निम्म्या गावाची, नाही आली तर निम्म्या पावलांवर तो पहिल्या घरी नसतोच. करून बघा. दोन लाख पाच हजार ऐंशी चाळिसाच्या पटीत, वर राहिले तेवीस.

तेवीस त्या यादीत नाही.

सगळं गाव. दोन लाख पाच हजार एकशे दोन दारं, प्रत्येक दारात एकदाच, आणि मग पहिल्या घरी. बरोबर मध्यावर, १,०२,५५१ व्या पावलाला, तो सगळ्यांत शेवटच्या क्रमांकाच्या दारात उभा असतो. तिथून पुढचा भागाकारातला प्रत्येक आकडा पहिल्या अर्ध्या फेरीतल्या त्याच जागच्या आकड्याला नऊपर्यंत पुरा करतो. सातच्या गावात हे डोळ्यांनी दिसतं: १४२ आणि ८५७, बेरीज ९९९. आपल्या गावात पहिली पाच पावलं शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य आहेत. म्हणून मध्य ओलांडल्यावरची पाच नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ असणार. मी तिथवर गेलेलो नाही. जायची गरज नाही, पण ते तिथे आहेत हे माहीत असूनही जावंसं वाटतं.

देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर असे चालत राहिले. संशोधनाची कुठली मोठी पदवी जवळ नव्हती. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटलं; १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं आणि मग इथल्यांना ते दिसले. आपल्या आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला ते ‘हर्षद’ म्हणत, हर्ष देणारी. त्या कसोटीवर २,०५,१०३ नापास, बेरीज अकरा आणि अकराने भाग जात नाही. थोडा विचार केलात तर दिसेल की एक आकडी सोडल्या तर कुठलीच मूळ संख्या हर्षद असू शकत नाही. मात्र त्यांची दुसरी एक वाट आहे: २,०५,०८४ घ्या, तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज, एकोणीस, मिळवा. आपली संख्या आली. कापरेकरांच्या भाषेत ती स्वयंभू नाही, तिला एक जनक आहे आणि तो एकच आहे. गुणाकारात तिचा कुणी पूर्वज नाही, बेरजेत आहे. यावर मी अजून विचार करतोय.

चौरसांचं जाता जाता. २,०५,१०३ चौरस फरशा घेऊन दोन चौरस अंगणं पुरी करता येत नाहीत, तीनही नाहीत. आठाने भागल्यावर सात उरतात तिथे तीन अंगणं कधीच जमत नाहीत. चार जमतात. ४५१, ३९, १० आणि ९ फरशांच्या बाजू धरा. वर्ग करून बेरीज घ्या, पटेल.

उजेड कमी झालाय. शतपावलीवाले आले. अजून अर्धा तास अक्षर दिसेल, तेवढ्यात निघू या. कोरं पान घ्या आणि एक भागिले २,०५,१०३ मांडा.

दशांश चिन्हानंतर पाच शून्यं लिहा, तिथवर भाग जातच नाही. मग दहा लाख. चार वेळा जातो, उरतात १,७९,५८८. त्यावर शून्य, आठ वेळा, उरतात १,५५,०५६. सात वेळा, १,१४,८३९. पाच, पुन्हा पाच, नऊ, पुन्हा नऊ. घाई करू नका, नऊला हातचे जास्त आहेत. मग १८,३०३ उरतात. शून्य मांडलं तरी भाग जात नाही, शून्य लिहा. आठ. नऊ. आता ४८,८३३ आहेत, शून्य मांडून ४,८८,३३०. दोनदा जातो. दोनदा म्हणजे किती वजा करायचे ते लिहा: ४,१०,२०६.

तुम्ही आत्ता पनवेल वजा केलंत. उरले ७८,१२४.

तीन. आठ. शून्य. नऊ. शून्य. एक. तीन. या तिनापाशी ६,६६१ उरतात, एवढ्याशा बाकीला पुढचं घर लांब पडतं, म्हणून आधी शून्य आणि मग तीन. उरले ५०,७९१.

पंचवीस दारं झाली. पान उलटं करून ठेवू नका, पेन्सिल खुणेला आत घाला. उद्या ५०,७९१ पासून.